उमेदवारीचे सहा महिने : मुंबईच्या वास्तुकला-शिक्षणातली कचेरीची बाजू

या मालेत आपण आजवर बऱ्याच इमारती पाहिल्या. आज इमारती थोड्या बाजूला ठेवू आणि त्यांचे नकाशे काढणाऱ्या हातांकडे बघू. हे हात तयार कुठे झाले, कोणी केले आणि मुख्य म्हणजे कोणाच्या खर्चाने झाले, हा आजचा विषय.

आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यातलं एक सत्र कॉलेजात नाही, एखाद्या आर्किटेक्टच्या कचेरीत काढायचं असतं. विद्यार्थी त्याला ‘ट्रेनिंग’ म्हणत आले, हल्ली ‘इंटर्नशिप’ म्हणतात. मराठीत त्याला आधीपासून नेमका शब्द आहे : उमेदवारी. वकिलाकडे, छापखान्यात, सोनाराच्या पेढीवर मुलं उमेदवारी करायची. शब्दात उमेद आहे आणि पगाराचा पत्ता नाही, हेही लक्षात घ्या. त्याच्याकडे आपण पुढे येऊच.

सर्वसाधारण समज असा, की कॉलेजचं शिक्षण हे मूळ आणि कचेरीतले सहा महिने ही त्याला मागाहून जोडलेली पुरवणी. मुंबईचा इतिहास तपासला तर तो बरोबर उलटा निघतो. इथे कचेरी आधी आली. शाळा तिच्या गरजेतून निघाली आणि पुष्कळ वर्षं तिच्या आधाराने चालली. मग शाळा वाढत गेली आणि कचेरी आटत आटत सहा महिन्यांपुरती उरली. या आटण्यात मिळालंही बरंच. जे गेलं त्याचा हिशेब मात्र कोणी फारसा मांडत नाही, म्हणून आज तो मांडायचा प्रयत्न आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते, कारण मुंबईत काम करणारे सुरुवातीचे आर्किटेक्ट तिथल्या पद्धतीत घडलेले होते. ती पद्धत अशी : बापाने मुलाला एखाद्या नावाजलेल्या आर्किटेक्टकडे करार करून ठेवायचं. मुदत साधारण पाच वर्षं. आणि पैसे कोणी द्यायचे? शिकणाऱ्याने. गुरूला एकरकमी फी मोजायची आणि त्याच्या कचेरीत नकला करत, ट्रेसिंग करत, साइटवर मागे मागे फिरत शिकायचं. आपल्या बोरीबंदरचे, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनसचे कर्ते फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स असेच घडले. बाथ शहरात चार्ल्स डेव्हिस यांच्याकडे पाच वर्षांची उमेदवारी करून १८६७ मध्ये ते हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात आले. आर्किटेक्चरच्या कॉलेजची पायरी त्यांनी चढलेली नव्हती.

या पद्धतीत एक गोष्ट स्वच्छ होती. शिकवणं ही गुरूची जबाबदारी होती, कारण त्याने त्यासाठी पैसे घेतले होते. तो ती नीट पार पाडत होता का, हा भाग वेगळा. आळशी गुरू आणि फुकट गेलेली पाच वर्षं, ही तक्रार इंग्लंडमध्येही जुनीच आहे. पण निदान करार होता.

आता मुंबईकडे येऊ. सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपयांची देणगी दिली आणि १८५७ मध्ये त्यांच्या नावाचं स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. पुण्यात त्याआधी, १८५४ मध्ये, बांधकाम खात्याला हाताखालची माणसं पुरवण्यासाठी इंजिनिअरिंगचा वर्ग निघालेला होता. म्हणजे एकीकडे ओव्हरसियर, दुसरीकडे नक्षीकाम करणारे कारागीर. आर्किटेक्ट तयार करण्याचा विचार दोन्हीकडे नव्हता. जे. जे. मध्ये लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये आले आणि इमारतीवरच्या शिल्पकामाला तिथे जोर आला. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरचं कोरीव काम आणि आतलं कारंजं त्यांच्या कल्पनेतलं. पुढे १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत बोरीबंदर उभं राहिलं, तेव्हा त्यावरची पानं, फुलं, पक्षी, माकडं यांचं पुष्कळसं काम जे. जे. च्या विद्यार्थ्यांच्या हातचं. सुमारे १६ लाख १४ हजार रुपयांची ती इमारत. आजच्या भाषेत बोलायचं तर तो विद्यार्थ्यांचा ‘लाइव्ह प्रोजेक्ट’ होता. त्यांच्या सरावाचा कागद आजही लोकलमधून उतरणारे लोक मान वर करून बघतात. निदान ज्यांना गाडी चुकण्याची भीती नाही ते तरी.

याच कामावर स्टीव्हन्स यांचे साहाय्यक अभियंता म्हणून सीताराम खंडेराव वैद्य होते आणि देखरेखीला एम. एम. जनार्दन. वैद्यांचं नाव नंतर अपोलो बंदरच्या ताजमहाल हॉटेलच्या आराखड्यात डी. एन. मिर्झा यांच्यासोबत येतं. एका मोठ्या कामावर साहाय्यक म्हणून राबलेला माणूस पुढे स्वतः मोठं काम हाती घेतो, ही वाट इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते. ही वाट शाळेतून गेलेली नाही, साइटवरून गेलेली आहे.

एकोणिसावं शतक संपता संपता मुंबईत खासगी कचेऱ्या वाढल्या आणि त्यांना माणसं कमी पडू लागली. नकाशे साफ काढणारी, मोजमापं बिनचूक घेणारी, इंग्रजी अक्षरं वळणदार लिहिणारी. विलायतेतून साहाय्यक आणणं महाग. त्या गरजेतून जे. जे. मध्ये ड्राफ्ट्समनचे वर्ग सुरू झाले. नावच बघा : ड्राफ्ट्समन. आर्किटेक्ट नाही. शाळेकडून अपेक्षा एवढीच, की कचेरीला उपयोगी हात मिळावेत. १९०८ च्या सुमारास रॉबर्ट केबल यांच्या हाताखाली त्याचा चार वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम झाला. शिकणाऱ्यांपैकी अनेक जण दिवसाचा मोठा भाग कचेरीत काढत आणि उरलेल्या वेळात वर्गात येत. पगार तुटपुंजा असेल, पण पगार होता. म्हणजे इंग्लंडमध्ये शिकणारा पैसे देत होता, मुंबईत शिकणारा पैसे घेत होता. मात्र त्या पैशांबरोबर त्याची पायरीही ठरून गेलेली होती. त्याने कायम हाताखालीच राहायचं, असं गृहीत होतं.

आणि इथे या इतिहासातला आम्हाला सर्वांत आवडणारा प्रसंग येतो. १२ मे १९१७ रोजी जे. जे. च्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून ‘आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन’ नावाची संस्था काढली. अध्यक्ष म्हणून बोलावलं कोणाला, तर सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांना. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणारे तेच विटेट. १९२२ मध्ये संस्थेचं नाव ‘बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन’ झालं आणि १९२९ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’. म्हणजे देशातल्या आर्किटेक्टांची सर्वांत जुनी व्यावसायिक संस्था मुळात विद्यार्थ्यांची मंडळी होती. ज्यांना मदतनीस म्हणून घडवलं, त्यांनी बारा वर्षांत व्यवसायाची पंचायतच उभी केली. हे कसं शक्य झालं? आमचं मत असं, की ही माणसं वर्ग आणि कचेरी या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वावरत होती, म्हणून. कंत्राटदाराचं बिल कसं तपासतात, म्युनिसिपालिटीत नकाशा कुठल्या टेबलावर अडतो, अशिलाशी फीचं बोलणं कसं करतात, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. वर्गात हे कोणी शिकवत नाही. आजही नाही.

१९२३ पासून १९४३ पर्यंत जे. जे. च्या वास्तुकला विभागाची सूत्रं क्लॉड बॅटली यांच्याकडे होती. बॅटली नुसते प्राध्यापक नव्हते. ‘ग्रेगसन, बॅटली अँड किंग’ या मोठ्या कचेरीचे ते भागीदार होते. मुंबई सेंट्रल स्टेशन, कुलाब्याची खुसरो बाग ही त्या कचेरीची कामं. सकाळी जो माणूस तुमचं ड्रॉइंग तपासतो तोच दुपारी खऱ्या इमारतीच्या चौकटीवर कंत्राटदाराशी हुज्जत घालतो, ही गोष्ट शिकणाऱ्यावर किती परिणाम करते, ते वेगळं सांगायला नको. बॅटलींनी विद्यार्थ्यांना जुन्या इमारतींची मोजमापं घ्यायलाही लावलं. टेप घेऊन खांबाचा घेर, पायरीची उंची, झरोक्याची खोली मोजायची आणि मापात काढायची. त्या सगळ्यातून १९३४ मध्ये भारतीय वास्तुकलेच्या घडणीवरचं त्यांचं आरेखनांचं पुस्तक आलं. ‘मेझर्ड ड्रॉइंग’ हा प्रकार आज कॉलेजांत अंगवळणी पडलाय, पण त्यामागचा विचार उमेदवारीचाच आहे : आधी दुसऱ्याचं काम हाताने समजून घ्या.

ओव्हल मैदानासमोरची आणि मरीन ड्राइव्हवरची आर्ट डेको घरं याच काळातली. २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हलच्या परिसराला जागतिक वारशात घेतलं, तेव्हा शैलीबद्दल पुष्कळ लिहून आलं. ती बहुतांश हिंदी आर्किटेक्टांनी काढलेली होती आणि त्यांतले बरेच जण या वर्ग-आणि-कचेरीच्या दुहेरी वाटेने आलेले होते, हे त्यामानाने कमी लिहिलं गेलं.

पण ही वाट सगळ्यांना सारखी खुली होती असं समजू नका. कचेरीत शिरायचं कसं, हा प्रश्न तेव्हाही होता. पेरीन मिस्त्री १९३६ मध्ये जे. जे. मधून बाहेर पडल्या. देशातल्या पहिल्या स्त्री-आर्किटेक्टांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. त्या ‘डिचबर्न, मिस्त्री अँड भेडवार’ या कचेरीत गेल्या. यातले मिस्त्री म्हणजे त्यांचे वडील. पेरीनबाईंच्या कर्तबगारीत यामुळे काही उणं येत नाही. पण वडिलांची कचेरी नसती तर १९३६ मध्ये एका मुलीला साइटवर उभं करायला कोण तयार झालं असतं?

त्याच कचेरीत थोड्या वर्षांनी सिलोनहून आलेली एक मुलगी उमेदवारी करत होती, मिनेट डी सिल्वा. तिची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिने आधी कचेरीत काम केलं, मग जे. जे. मध्ये प्रवेश घेतला. ते दिवस १९४२ च्या आंदोलनाचे. आंदोलनात भाग घेतल्याबद्दल माफी लिहून द्यायला तिने नकार दिला आणि तिला काढून टाकण्यात आलं. शाळेचं दार बंद. मग ती कुठे गेली? बंगळुरात ऑटो कोनिग्सबर्गर यांच्याकडे कामाला. पुढे लंडनला जाऊन तिने शिक्षण पुरं केलं आणि १९४८ मध्ये ब्रिटिश आर्किटेक्टांच्या रॉयल इन्स्टिट्यूटची सदस्य झाली. अशी सदस्य होणारी ती आशियातली पहिली स्त्री. आम्हाला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की शाळेने टाकलेल्या माणसाला कचेरीने धरलं. दोन दारं होती, म्हणून एक बंद झाल्यावर दुसरं उरलं.

हे दुसरं दार पुढच्या तीस वर्षांत कसं बंद झालं ते आता पाहू. इथे तारखा थोड्या लागोपाठ येतील, त्याला इलाज नाही.

१९५२ मध्ये जे. जे. चा वास्तुकला विभाग मुंबई विद्यापीठाशी जोडला गेला. डिप्लोमाच्या बरोबरीने पदवी आली. १९५८ मध्ये विभागाचं स्वतंत्र कॉलेज झालं. योगायोग म्हणजे त्याच १९५८ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला एक परिषद भरली आणि तिने ठरवलं, की आर्किटेक्टचं शिक्षण विद्यापीठात पूर्णवेळ व्हावं, कचेरीतली जुनी उमेदवारी आणि अर्धवेळ वर्ग हळूहळू संपावेत. दोन्हीकडे वारं एकाच दिशेचं. त्यामागे कारणं होती आणि ती खोटी नव्हती. थकूनभागून वर्गात येणारा मुलगा इतिहास, बांधकामाचं गणित, नगररचना यात किती लक्ष घालणार? पूर्णवेळ कॉलेजमुळे ग्रंथालय मिळालं, रात्र रात्र जागून एका डिझाइनवर काम करायची मोकळीक मिळाली, चुकायची मुभा मिळाली. कचेरीत चुकण्याला किंमत असते. हे सगळं आम्हीही उपभोगलंय, तेव्हा नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण पूर्णवेळ कॉलेज म्हणजे पाच वर्षं कमाई नाही. कुलाब्याच्या किंवा फोर्टातल्या कचेरीत ट्रेसिंग करून घरी पैसे देणारा आणि जमेल तशी सरकारी डिप्लोमाची परीक्षा देणारा जो मुलगा होता, त्याच्यासाठी ही पदवी लांब गेली. तो ड्राफ्ट्समन म्हणून आत आला आणि ड्राफ्ट्समन म्हणूनच निवृत्त झाला. जुन्या कचेऱ्यांत असे गृहस्थ आम्ही पाहिलेत. जिन्याचा तपशील त्यांना तोंडपाठ असायचा. नवा पदवीधर साहेब गुपचूप त्यांनाच विचारायचा.

१९७२ चा आर्किटेक्ट्स ॲक्ट १ सप्टेंबरपासून लागू झाला. त्याने कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर स्थापन केली आणि नोंदणीशिवाय ‘आर्किटेक्ट’ ही पदवी नावापुढे लावायला बंदी घातली. या कायद्याच्या पंचविसाव्या कलमात एक सोय होती. मान्यताप्राप्त पदवी नाही, पण ठरलेल्या तारखेच्या आधी किमान पाच वर्षं आर्किटेक्ट म्हणून व्यवसाय केलाय, अशा नागरिकाचीही नोंदणी होऊ शकत होती. ती सोय त्या पिढीपुरतीच होती. तिच्यानंतर कचेरीत शिकून आर्किटेक्ट होण्याचा रस्ता कायद्याने संपला. स्टीव्हन्स ज्या रस्त्याने आले तो.

मग उरली ती उमेदवारी, अभ्यासक्रमाच्या आतली. कौन्सिलच्या १९८३ च्या किमान शैक्षणिक दर्जाच्या नियमांनी तिला आकार दिला : पाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात पहिल्या टप्प्यानंतर सहा महिने किंवा एक सत्र कचेरीत. ही व्यवस्था संस्थेने करून द्यायची आणि ज्यांच्या हाताखाली जायचं ते नोंदणीकृत, किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले आर्किटेक्ट हवेत, अशी अट होती. हेच नियम, २०२० मध्ये ते बदलले जाईपर्यंत, कॉलेजबद्दल मात्र भरभरून बोलत होते. वर्गात किती मुलं, आठ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, जागा किती, ग्रंथालय कसं, सगळं होतं. कचेरीने काय शिकवायचं, किती वेळा साइटवर न्यायचं, विद्यावेतन किती द्यायचं, यावर तेवढा तपशील नव्हता. एका खोलीची मापं अगदी मिलिमीटरपर्यंत आणि शेजारची खोली नुसती ठिपक्यांच्या रेषेत दाखवलेली, तसं ते झालं.

आता पैशाचा मुद्दा. या विषयावर बोलताना कोणी ना कोणी बाळकृष्ण दोशींचा दाखला देतं. दोशी मूळचे पुण्याचे, जे. जे. चे विद्यार्थी. शिक्षण अर्ध्यावर सोडून लंडनला गेले आणि १९५१ मध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्या पॅरिसच्या कचेरीत रुजू झाले. सुरुवातीचे काही महिने त्यांना पगार नव्हता. पुढे त्यांनी १९६२ मध्ये अहमदाबादला वास्तुकलेची शाळा काढली, २०१८ मध्ये त्यांना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. मग दोशींनी बिनपगारी काम केलं, तुम्हाला काय झालं, असा सूर लागतो. हा दाखला आम्हाला पटत नाही. एक तर पुढे दोशींना पगार मिळू लागला आणि त्यांच्या हातात चंदीगडचं, अहमदाबादचं खरं काम आलं. दुसरं म्हणजे, बिनपगारी राहून ज्यांना परत घरी जावं लागलं त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचतच नाहीत.

शेजारच्या व्यवसायांकडे बघा. सी. ए. होणाऱ्याची आर्टिकलशिप वर्षानुवर्षं तीन वर्षांची होती, २०२३ पासून ती दोन वर्षांवर आली. पण किमान विद्यावेतन संस्थेच्या नियमांत लिहिलेलं आहे, शहराच्या लोकसंख्येप्रमाणे वेगवेगळं. डॉक्टरला एक वर्षाची इंटर्नशिप पुरी केल्याशिवाय कायमची नोंदणी मिळत नाही. इंग्लंडमध्ये आर्किटेक्टला नोंदणीआधी किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागत आलाय. आपल्याकडे पदवी हातात पडली की नोंदणीचा अर्ज भरता येतो. म्हणजे पदवीआधीचे ते सहा महिने हाच कायद्याने मागितलेला कचेरीचा सगळा अनुभव. त्यांच्यावर केवढा भार आहे पाहा.

आणि तो भार कोण उचलतं? सांगली किंवा लातूरच्या कॉलेजातली मुलगी मुंबईच्या कचेरीत ट्रेनिंगला येते. पेइंग गेस्टचं भाडं, लोकलचा पास, जेवण. वर कॉलेजची त्या सत्राची फीही भरायची. म्हणजे फी शाळेला, काम कचेरीला. इंग्लंडच्या जुन्या पद्धतीत फी घेणारा आणि शिकवणारा एकच होता, इथे ते दोन झाले आणि शिकवायचं कोणी हे मधल्या मधे राहिलं. चांगल्या कचेऱ्या आहेत, अगदी आहेत. ट्रेनीला शनिवारी स्लॅबच्या सळ्या तपासायला नेणाऱ्या, म्युनिसिपालिटीतल्या सुनावणीला सोबत बसवणाऱ्या, वेळेवर पैसे देणाऱ्या. पण अशी कचेरी मिळणं हे ओळखीवर आणि नशिबावर अवलंबून, आणि त्या बाबतीत १९३६ पासून आपण किती पुढे आलो, सांगणं अवघड आहे. पुष्कळ मुलांचे सहा महिने एकाच इमारतीच्या टॉयलेटचे तपशील आणि टाइल्सचे लेआउट काढण्यात जातात. तेही शिक्षण आहे, नाही असं नाही. जे. जे. च्या पहिल्या ड्राफ्ट्समन वर्गाला तेवढंच अपेक्षित होतं.

प्रश्नांकडे वळण्याआधी एक विनंती. कॉलेज ट्रेनिंगच्या काळात रोजनिशी लिहायला लावतं, लॉगबुक. तारीख, काम, साइट आणि खाली साहेबांची सही. बहुतेक जण तोंडी परीक्षा झाली की ती रद्दीत टाकतात. मोठ्या आर्किटेक्टांचे नकाशे जपले जातात, पण त्या टेबलांवर रोज काय चालायचं हे या वह्यांखेरीज कुठे सापडत नाही. १९७०-८० च्या दशकांतल्या तुमच्या, तुमच्या वडिलांच्या, आईच्या अशा वह्या माळ्यावर असतील तर काढून बघा आणि आम्हाला कळवा. सही करणाऱ्या साहेबांनी पानं न वाचताच सही केलेली असली, तरी चालेल.